मालक या नात्याने

४ फेब्रुवारी, सकाळी ६.५०
ही वही म्हणजे ऑफिसातलं जुनं जावक रजिस्टर. मागची साठ पानं कोरी होती, फुकट जात होती. क्रमांक, कोणास, विषय असे रकाने छापलेलेच आहेत. आजपासून यात माझी रोजनिशी. कोणास: मलाच.

विषय: ओव्हन.

आज पुन्हा डावी बाजू जळली. बायको घरी केक-बिस्किटं करून विकते. तिचा हा मोठा दोन कप्प्यांचा ओव्हन आम्ही पावणेदोन वर्षांपूर्वी 'वापरता वापरता मालक व्हा' या योजनेतून आणला. दर महिन्याला भाडं भरायचं. चोवीस हप्ते झाले की ओव्हन आपला. एकवीस झाले, तीन उरले, आणि आता डावीकडचं सगळं काळं निघतं. उजवीकडचं विकलं जातं. डावीकडचं मी खातो.

बायको म्हणाली, शोरूमला फोन करते, माणूस पाठवतील. मी तिला थांबवलं. फोनचा पुरावा राहत नाही. एकोणीस वर्षं ऑफिसात आवक-जावक सांभाळतोय, कागदाची ताकद काय असते ते मला विचारा. निश्चय: हे प्रकरण आजपासून माझ्या हातात. रोज पहाटे पाचला उठून कायद्याचा अभ्यास.

५ फेब्रुवारी, सकाळी ८.१०
गजर वाजला होता असं मुलगी म्हणते. पुराव्याअभावी दखल घेतली नाही.

५ फेब्रुवारी, संध्याकाळी
प्रकरण किती नाजूक आहे ते नोंदवून ठेवतो. सहा मार्चला शाळेचा क्रीडादिन. शाळेच्या कॅन्टीनने बायकोला चारशे कपकेक सांगितलेत. ते पसंत पडले तर वर्षभराचं काम तिचं. सहा महिने ती त्या कॅन्टीनवाल्या बाईंच्या मागे होती. डावी बाजू अशीच राहिली तर चारशेसाठी आठशे करावे लागतील, आणि उरलेले चारशे कोण खाणार? माझ्याही पोटाला मर्यादा आहे.

६ फेब्रुवारी, दुपारी
करार वाचायला घेतला. अक्षर मुंगीएवढं. भिंग लावून कलम चारपर्यंत पोचलो आणि डोळे मिटून चिंतन करू लागलो. बायकोने भिंग उचललं तेव्हा पावणेअकरा वाजले होते.

सार मात्र लक्षात आलं. करारावर सही बायकोची आहे, कारण सहीच्या वेळी मी मॅनेजरशी बोलत होतो. तो तांत्रिक भाग झाला. खरा मुद्दा वेगळाच आहे आणि तो मला आंघोळ करताना सुचला. शोरूमच्या मॅनेजरने पहिल्या दिवसापासून मला काय म्हणून हाक मारली? मालक! या मालक, बसा मालक, पाणी घ्या मालक. दारावरचा गार्डसुद्धा मालक म्हणाला. म्हणजे मी मालक आहे हे त्यांनी चारचौघांत, एकदा नव्हे वीसदा कबूल केलेलं आहे. एवढा मोठा पुरावा हातात असताना बायको फोन करायला निघाली होती!

९ फेब्रुवारी
पहिली नोटीस रवाना. अकरा पानं. सुरुवातच अशी केली आहे की समोरच्याची पाचावर धारण बसावी: 'मी, सदर ओव्हनचा मालक या नात्याने, आपणांस कळवितो की...'

पाठवण्याआधी बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, कलम नऊमध्ये लिहिलंय की शेवटचा हप्ता होईपर्यंत ओव्हन त्यांचा, म्हणून दुरुस्तीही त्यांनीच करायची. आपण भाड्याने वापरतोय एवढंच लिहा, एक ओळ पुरे. मी नुसता हसलो. ती करार पाककृतीसारखा वाचते, ओळीखाली बोट धरून, एकेक शब्द. कायदा असा वाचत नाहीत. कायद्याचा रोख ओळखायचा असतो.

१३ फेब्रुवारी
शोरूमचं उत्तर आलं. तीनच ओळी. 'आपण ओव्हनचे मालक असल्याचे आपल्या पत्रावरून समजले. आनंद झाला. मालकाने आपल्या वस्तूची दुरुस्ती स्वखर्चाने करावी.'

बायकोने पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून जपून ठेवलं. बहुधा भारावली असावी. मुलगी म्हणाली, बाबा, हे काय केलंत? तिला कॉलेजात कायदा हा विषय नाही.

१४ फेब्रुवारी, सकाळी
शांतपणे विचार केला. त्यांनी मला बोलण्यात पकडलं आहे. मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. (गुरू कोणी नाही. मोबाइलवर व्हिडिओ पाहतो. एक काळा कोटवाला आहे, बोटं मोजून ग्राहकाचे हक्क सांगतो. पाचवा हक्क येईपर्यंत जाहिरात लागते.)

दुसरी नोटीस तयार. 'माझ्या पहिल्या नोटिशीत जिथे जिथे मालक असा शब्द आला आहे तिथे तिथे भाडेकरू असे वाचावे. मी भाडेकरू असून, दुरुस्ती होईपर्यंत हप्ता थांबवीत आहे.' असा शब्द एकूण चौतीस ठिकाणी आहे. त्यांना बसू दे शोधत.

हप्ता थांबवण्याचं बायकोला सांगितलं नाही. ती घाबरते. हप्ता थांबवला तर उचलून नेतील, असं तिचं एक जुनं पालुपद आहे.

१६ फेब्रुवारी, दुपारी
शोरूमला स्वतः जाऊन नोटीस दिली. निघताना बायकोने हप्त्याचं पाकीट दिलं होतं. तिला लेबलं लावायची सवय. घरातल्या प्रत्येक डब्यावर कागद चिकटवलेला असतो: साखर, साखर (दळलेली), साखर (यांना दाखवू नये). तसं पाकिटावरही तिच्या गोल अक्षरात लिहिलेलं: ओव्हन, हप्ता बावीस, आणि खाली खातं नंबर. मी ठरवलेलं होतंच की पाकीट खिशातून बाहेर काढायचं नाही.

मॅनेजर म्हणाला, या मालक, बसा. बसलो. ती एक फिरती खुर्ची होती. काळी, मानेला उशी, हात टेकायला दोन्हीकडे सोय, खाली दांडा ओढला की मागे झुकते. मी नोटीस वाचून दाखवत होतो आणि खुर्ची आपोआप मला धीर देत होती. अकराव्या मुद्द्याला मॅनेजर म्हणाला, मालक, ही खुर्ची तुमच्यासाठीच आलीय. तीच योजना, दहा हप्ते, पहिला आत्ता दिला तर संध्याकाळी घरपोच.

विचार केला. अभ्यासाला बैठक लागते. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून कोणी केस जिंकलेली नाही. हप्ता तसाही थांबवलेलाच आहे, म्हणजे ते पैसे रिकामेच आहेत. पाकीट दिलं. सही केली. करार वाचला नाही, पण या वेळी सही माझी आहे, हा फरक.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
खुर्ची आली. बायकोने विचारलं, कुठून? मी म्हणालो, ऑफिसने दिली, अभ्यासासाठी. पुढे विचारलं, हप्ता भरला का? मी म्हणालो, पाकीट मॅनेजरच्या हातात दिलं. हे शब्दशः खरं आहे. कायद्यात शब्दाला फार महत्त्व.

१७ फेब्रुवारी
पहाटे पाचला उठलो! खुर्चीत बसलो. दांडा ओढला. साडेआठला मुलीने उठवलं.

२० फेब्रुवारी
शोरूमचं दुसरं पत्र, माझ्या नावाने. 'आपण भाडेकरू असल्याचे समजले. भाडेकरूने हप्ता थकवल्यास कलम चौदाप्रमाणे वस्तू कधीही परत नेण्यात येईल.'

पोकळ धमकी. मालक म्हणालो की दुरुस्ती माझी, भाडेकरू म्हणालो की ओव्हन त्यांचा. हे लोक एका भूमिकेवर टिकत नाहीत.

पत्र बायकोला दाखवलं नाही. खुर्चीच्या उशीखाली ठेवलं. आता मान थोडी उंच बसते, एकूण फायदाच.

२३ फेब्रुवारी, सकाळी ७.३०
बायकोने चारशेचा सराव म्हणून साठ कपकेक केले. मधेच ट्रे फिरवून, डाव्या बाजूला ओल्या कापडाची घडी ठेवून, पुन्हा फिरवून. सत्तेचाळीस चांगले निघाले. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. म्हणाली, एवढं चांगलं जमलं तर सहा तारीख निभावून नेईन. तेरा मी खाल्ले.

आता मोठा घाव घालायचा. थेट ग्राहक मंचाकडे अर्ज. मागण्या: (१) ओव्हन दुरुस्त करावा. (२) न केल्यास नवा द्यावा. (३) मला झालेला मनस्ताप. (४) अपचन.

२५ फेब्रुवारी
अर्ज चौसष्ट पानांचा झाला. मधली नऊ पानं मालक या शब्दाच्या अर्थावर आहेत. ऑफिसातली टायपिस्ट म्हणाली, तक्रार एका पानाची असते हो, तिथे साधा फॉर्म मिळतो, तिथला क्लार्क भरायलाही मदत करतो, वकीलसुद्धा लागत नाही. मी तिला विचारलं, तुम्ही किती वर्षं आहात या खात्यात? म्हणाली, दोन. मग झालं!

अर्जावर जावक क्रमांक ५१७ टाकला. सुटल्यासारखं वाटलं. आता मंच आणि शोरूम बघून घेतील.

२६ फेब्रुवारी, सकाळी १०.४०
ओव्हन नेला.

२६ फेब्रुवारी, दुपारी ३
जरा सावरून लिहितो. दोन माणसं आली, टेम्पो आणला होता, हातात कागद होता. कागदावर माझं नाव होतं. मी खुर्चीत होतो आणि दांडा ओढलेला होता, त्यामुळे सरळ व्हायला वेळ गेला. तोवर त्यांनी प्लग काढला. ट्रे आतच होते, बायकोने एकेक बाहेर काढले. सहा ट्रे हातात घेऊन ती उभी राहिली आणि ओव्हन दारातून बाहेर गेला. जिथे तो होता तिथे फरशीचा चौकोन पांढरा दिसतो. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा सगळी फरशी तशीच होती.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चौकोन झाडून घेतला आणि पुसला.

लिहायला नको, पण इथे कोण वाचतंय: फार वाईट वाटलं मला.

अर्थात यात माझा दोष नाही. मंचाने क्रमांक ५१७ वर वेळेत कारवाई केली असती तर ही वेळ आली नसती.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी
उशीखालचं पत्र मुलीला सापडलं. खुर्ची पुसत होती म्हणे. खुर्ची पुसायची तिला आजवर कधी इच्छा झाली नव्हती. पत्र तिने आईला दिलं. बायकोने ते वाचलं, ओळीखाली बोट धरून, आणि विचारलं, पाकीट दिलं होतं ना? मी म्हणालो, दिलं होतं. शप्पथ? मी म्हणालो, शप्पथ. एवढा खरा आणि एवढा खोटा मी एकाच वेळी कधी नव्हतो.



२७ फेब्रुवारी
बायको सकाळीच बाहेर पडली. बिस्किटांचा जुना डबा बरोबर नेला, ज्यात ती पावत्या ठेवते. कुठे गेली होती विचारलं तर म्हणाली, काम होतं. पुढे विचारायचा धीर झाला नाही. मुलगी पण गेली होती.

बहुधा कॅन्टीनवाल्या बाईंना नाही म्हणून सांगायला गेल्या असतील. डबा कशाला नेला कळत नाही.

१ मार्च
नाही म्हणून सांगितलेलं नाही! आज मैदा, साखर, अंडी आली. चारशेचं सामान. ओव्हन नाही आणि चारशेचं सामान. बायको डब्यांना लेबलं लावत बसली होती. बिचारीच्या मनावर परिणाम झाला असावा. तिला म्हणालो, काळजी करू नकोस, मी वरच्या पातळीवर प्रयत्न करतोय. तिने मला अंडी मोजायला दिली. तीनदा मोजली, तीन वेगळे आकडे आले.

३ मार्च, दुपारी १२
विजय! ग्राहक मंचाचं पत्र! उद्या अकराला तातडीची सुनावणी! चौसष्ट पानांनी काम केलं! पत्र बायकोच्या नावाने आलं आहे, पण सरकारी कामात नावांचे घोटाळे होतातच, ते मला नवीन नाही.

बायकोला म्हणालो, उद्या तू फक्त बाजूला बस, बोलायचं मी. ती म्हणाली, बरं.

लगेच लग्नातला काळा कोट काढला. एक बटण लागतं. कोणतंही एकच.

३ मार्च, संध्याकाळी ८
उद्यासाठी बॅग भरताना तळाशी एक जाड पाकीट मिळालं. जावक क्रमांक ५१७. चौसष्ट पानं.

घडलं असं असावं: आमच्या ऑफिसात कागदाला जावक क्रमांक दिला की तो गेला असं धरतात. मग शिपाई तो खरोखर नेतो. घरी शिपाई नाही.

मग उद्याची सुनावणी कोणाच्या अर्जावर आहे? विचार करायला खुर्चीत बसलो.

४ मार्च, संध्याकाळी ५
क्रमाने लिहितो.

मंचाची खोली लहान. पंखा, तीन टेबलं, भिंतीला घड्याळ, एक बाकडं. मध्यभागी अध्यक्षबाई, केस पांढरे, चष्मा नाकाच्या टोकावर. एका बाजूला मॅनेजर आणि त्याचा वकील. अध्यक्षबाईंसमोर एक अर्ज होता. एक पान. अक्षर गोल. खाली बायकोची सही आणि मागे पावत्या, एकवीसच्या एकवीस, तारखेप्रमाणे लावलेल्या.

मी उठून बोलायला सुरुवात केली. अध्यक्षबाईंनी विचारलं, आपण कोण? मी म्हणालो, मालक. त्या म्हणाल्या, करारावर नाव यांचं आहे. मी म्हणालो, मग भाडेकरू. त्या म्हणाल्या, तेही याच आहेत. मग विचारलं, यांचे वकील का? मी कोटाचं बटण लावत म्हणालो, तसं नाही. त्या म्हणाल्या, मग बसा.

बाकड्यावर मुलीशेजारी बसलो. बटण तुटून मॅनेजरच्या टेबलाखाली गेलं.

त्यांचा वकील उठला आणि त्याने माझ्या दोन्ही नोटिसा बाहेर काढल्या. म्हणाला, बघा, पहिल्यात हे लोक स्वतःच मालक असल्याचं कबूल करतात, म्हणजे दुरुस्ती यांची. दुसऱ्यात हप्ता थांबवल्याचं कबूल करतात, म्हणजे ओव्हन आमचा. दोन्ही यांच्याच घरातून आल्या आहेत. आणखी काय पाहिजे? माझ्या तोंडचं पाणी पळालं. दहा दिवसांत मी इतकं सविस्तर कबूल केलेलं होतं की वकिलाला काही करायलाच उरलं नव्हतं. मुलीने कपाळाला हात लावला. तारीख चार, क्रीडादिन सहाला.

अध्यक्षबाईंनी बायकोला विचारलं, यावर काय म्हणणं आहे? बायको उभी राहिली. म्हणाली, या नोटिसा माझ्या नाहीत. माझी सही नाही, मी कोणाला लिहायला सांगितलं नाही. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे बघत विचारलं, हे आपले प्रतिनिधी नाहीत? बायको म्हणाली, नाही. मग कोण? म्हणाली, हे घरी असतात.

लिहून घ्या, असं अध्यक्षबाई क्लार्कला म्हणाल्या. लिहून घेतलं. दोन्ही नोटिसा बाजूला ठेवल्या. माझी नोंद रेकॉर्डवर घेतली गेली, हे इथे नमूद करतो.

मग अध्यक्षबाईंनी मॅनेजरला विचारलं, ओव्हन उचलण्याआधी पत्र कोणाला पाठवलंत? तो म्हणाला, मालकांना. कोणते मालक? त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, करार बाईंशी, पत्र यांना, म्हणजे बाईंना सूचना न देताच तुम्ही ओव्हन उचलला. मॅनेजर म्हणाला, आम्ही सगळ्यांनाच मालक म्हणतो हो, तशी पद्धत आहे. सगळ्यांनाच? हे ऐकून मला जे वाटलं ते लिहीत नाही.

वकील म्हणाला, ते काही असो, बाविसावा हप्ता आलेला नाही. उलट याच घरात आमची आणखी एक वस्तू आहे, खुर्ची, ही तिची फाइल. मी डोळे मिटले. बायको हळूच म्हणाली, खुर्ची? फाइल अध्यक्षबाईंसमोर गेली. त्यांनी पान उलटलं आणि थांबल्या. चष्मा वर केला. खुर्चीच्या अर्जाला मॅनेजरने पैशाचं रिकामं पाकीट टाचून ठेवलं होतं, व्यवस्थित माणूस आहे. पाकिटावर गोल अक्षरात लिहिलेलं: ओव्हन, हप्ता बावीस, खाली खातं नंबर.

अध्यक्षबाईंनी विचारलं, हे अक्षर कोणाचं? बायको म्हणाली, माझं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं, आणि मान आपोआप खाली गेली. उशीशिवायसुद्धा.

निर्णय तिथल्या तिथे. पाकिटावर ओव्हनचं नाव असताना पैसे खुर्चीकडे वळवायचा शोरूमला अधिकार नाही. हप्ता बावीस भरलेला धरावा. ओव्हन उद्या दुपारच्या आत परत, डावी बाजू शोरूमने स्वखर्चाने दुरुस्त करून. ओव्हन अडवून ठेवलेल्या दिवसांची भरपाई म्हणून शेवटचे दोन हप्ते माफ. म्हणजे ओव्हन बायकोचा झाला. एक पान, एका फेरीत!

बाहेर आल्यावर तिला म्हणालो, मी तिथे बाजूला राहिलो हीसुद्धा एक चाल होती. ती म्हणाली, अहो, चला घरी. लोणी काढून ठेवायचंय.

५ मार्च, दुपारी ४
अक्षर खराब येतं आहे, कारण हे उभ्याने लिहितो आहे.

अकराला टेम्पो आला. मेकॅनिकने डावीकडचा कुठलासा तुकडा बदलला, वीस मिनिटांचं काम. फोनवर सांगितलं असतं तरी झालं असतं, असं तो म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. ओव्हन बरोबर त्या पांढऱ्या चौकोनावर बसला.

बायकोने पहिला ट्रे लावला. दोन्ही बाजू सारख्या सोनेरी. मी सवयीने डावीकडचे उचलायला पुढे झालो, तर मुलगी म्हणाली, बाबा, हे विकायचे आहेत. एकही जळलेला नव्हता. मग बायकोने एक चांगला कपकेक बशीत घालून माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, खा. पावणेदोन वर्षांत अख्खा, न जळलेला, पहिल्यांदाच मिळाला. डोळ्यांत पाणी आलं. फार गरम होता.

पोचपावती घ्यायला मॅनेजर स्वतः आला होता. दारातून हसत म्हणाला, मालकांची सही हवी. मी खुर्चीत बसल्या बसल्या पेन उघडलं. तो माझ्यावरून पुढे गेला आणि कागद बायकोसमोर धरला. तिने ओळीखाली बोट धरून तो पूर्ण वाचला. वाचेपर्यंत मॅनेजर गुपचूप उभा. मग तिने सही केली.

बरं झालं. शेवटी घरातच राहिला ओव्हन. आणि खरं सांगायचं तर ती सही करताना फार छान दिसत होती. उद्याचे चारशे होणार यात मला शंका नाही. मी ठरवलं, आता कायद्याचा नाद पुरे, या खुर्चीत बसून हिच्या ऑर्डरींचं रजिस्टर ठेवायचं, आवक-जावक, रीतसर, रोज पहाटे पाचला उठून.

दांडा ओढला, मागे झुकलो. तर टेम्पोबरोबर आलेले दोन्ही हमाल मॅनेजरसह माझ्यासमोर येऊन उभे. त्याच्या हातात दुसरा कागद होता. पाकीट ओव्हनचं ठरलं, त्यामुळे खुर्चीचा पहिला हप्ता कधी आलाच नव्हता. कलम चौदा. या करारावरची सही माझी होती, आणि पत्रावरचं नावही या वेळी बरोबर होतं.

मॅनेजर नेहमीसारखा गोड हसला, थोडा वाकला आणि म्हणाला, मालक, जरा उठता का?